पाऊण टन मीठ

आमच्या हिला तिचे विद्यार्थी गाळबाई म्हणतात. तोंडावर मॅडम, आणि पाठ फिरली की गाळबाई. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी असा भडकलो की विचारू नका. कॉलेजात जाऊन एकेकाचा कान पिळतो म्हणून चपलासुद्धा घातल्या. ही दारात उभी राहून खो-खो हसत होती. "अहो, खरं तेच म्हणतात ना? पहिल्या तासाला टेबलावर गाळाची बरणी ठेवणारी दुसरी आहे का कुणी तिथे?"

नव्हती. अजूनही नाही. ती सांडपाण्याच्या गाळाची बरणी आमच्या घरातूनच जाते. झाकण घट्ट लावायचं काम माझं, कारण एकदा ती गाडीत सांडली होती आणि पुढचे दोन महिने आमच्या गाडीत कुणी पाहुणा बसला नाही.

ही अठरा वर्षं रसायनांच्या एका कारखान्यात केमिस्ट होती. मशीनच्या बाजूला नाही, मागे, जिथे सगळी घाण येऊन थांबते तिथे. सांडपाणी साफ करायचं, मोजायचं, मग सोडायचं. कारखाना बंद पडला तेव्हा हिचं वय सेहेचाळीस. मी म्हटलं, आता बस घरी, पाय पसर. तर बाईसाहेबांनी धंदा-व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजात नोकरी धरली. विषय, पर्यावरण व्यवस्थापन. मी बस डेपोतला फिटर माणूस, उभा जन्म ग्रीसमध्ये गेला. मला वाटलं, ही कडक इस्त्रीची पोरं उद्या केबिनमध्ये बसणार, यांना गटारीचं कौतुक कोण सांगणार आणि कशाला ऐकतील ती?

पण ऐकायला लावलं हो तिनं! पुस्तक बाजूला ठेवलं आणि कंपन्यांच्या खऱ्या हकिकती शिकवायला घेतल्या. ते लोक त्याला केस म्हणतात. कंपनीत स्वतः जायचं, कागद मागायचे, कामगारांशी बोलायचं, आणि वीस पानांत सगळं मांडायचं. गंमत अशी की तिची प्रत्येक केस ऐन मोक्याला थांबते. पाणी कमी पडतंय, शेजारी तक्रार करताहेत, मालक म्हणतोय उद्या सकाळपर्यंत काय ते ठरवा. संपली केस. आता ठरवा तुम्ही! मग पोरं तासभर भांडतात, हात वर करून मतं देतात, आणि शेवटी ही टेबलावरचं बंद पाकीट फोडते. कंपनीनं खरोखर काय केलं ते त्या पाकिटात.

पाकिटं चिकटवणं हे माझं खातं. दरवर्षी नवीन पाकीट, नवीन डिंक. ही म्हणते, मी डिंक फार थापतो. थापतोच. कच्चं काम आपल्याला जमत नाही.

या सगळ्या केसमध्ये तिची सगळ्यात लाडकी होती कापड रंगवणाऱ्या एका कंपनीची. त्या कंपनीनं दोन वर्षांत पाण्याचा वापर निम्म्यावर आणला होता. निम्म्यावर! यंत्रं बदलली, पाणी फिरवून वापरलं, कामगारांना शिकवलं. पाकीट फुटलं की वर्गात टाळ्या पडायच्या. नऊ वर्षं ही केस शिकवली तिनं, आणि नऊही वर्षं मी ते पाकीट चिकटवलं.

आता यंदाची गोष्ट. हिचा विषय ऐच्छिक, म्हणजे ज्याला वाटेल त्यानं घ्यावा. यंदा वाटलं अकरा जणांना. कॉलेजच्या संचालकांनी हिला बोलावून सरळ सांगितलं, "मॅडम, अकरा मुलांसाठी विषय चालवता येत नाही. सोमवारी समितीची बैठक आहे. एक तर हा विषय सगळ्यांना सक्तीचा करू, नाही तर बंद करू. तुमची ती कापडाची केस समितीसमोर करून दाखवा. कंपनीच्या मॅनेजरांनाही बोलावतो. छाप पडेल."

ही घरी आली ती हवेतच. सक्तीचा झाला तर वर्षाला एकशे ऐंशी पोरं! मला म्हणाली, "नवा डिंक आणा." मी मोठी बाटली आणली.

आणि गुरुवारी सगळं उलटं झालं.

समितीच्या आधी सराव म्हणून तिनं ती केस वर्गात घेतली. भांडणं झाली, मतं झाली, पाकीट फुटलं, टाळ्या पडल्या. मग खिडकीजवळच्या एका मुलीनं हात वर केला. किराणा दुकानदाराची मुलगी, वर्गात फारशी बोलत नसे. म्हणाली, "मॅडम, मीठ कुठं गेलं?"

"कुठलं मीठ?"

"रंग कापडाला धरावा म्हणून मीठ घालतात ना? चौथ्या पानावर आहे, रोज दोन टन. शेवटच्या पानावर बाहेर सोडलेल्या पाण्यातलं मीठ दिलंय. मी गुणाकार केला. पूर्वी दोन टन आत, दोन टन बाहेर. पाणी निम्मं झाल्यानंतर दोन टन आत, आणि बाहेर सव्वा टनच. आमच्या दुकानात पोतं आत आलं की ते कुठं तरी असावंच लागतं. रोजचं पाऊण टन मीठ कुठं गेलं?"

वर्गात हशा पिकला. ही हसली नाही. तिनं तिथल्या तिथे दोन्ही पानं शेजारी ठेवली. कारण मीठ उडून जात नाही, कुजत नाही, कुठल्या साध्या टाकीत अडकतही नाही. आत गेलं तेवढं बाहेर आलंच पाहिजे. अठरा वर्षं जिनं हेच केलं तिला हे ठाऊक नसेल? पण केस लिहिताना ती कौतुकात होती. तिनं पाणी पाहिलं, वाचलेलं पाणी. मिठाचे दोन आकडे तिनंच दोन वेगळ्या पानांवर छापले आणि एकत्र कधी ठेवलेच नाहीत. समोरची मॅनेजर होणारी पोरं तर काय, बचतीचा रकाना दिसला की पान उलटायची.

घरी आली ती चप्पलसुद्धा न काढता जेवणाच्या टेबलाशी बसली, कागद पुढ्यात घेऊन. मी विचारलं, चहा? तिचं बोट आकड्यांवरून फिरत होतं. मी चहा केला, तो तिथेच गार झाला.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं माझ्या जुन्या गाडीतून त्या कंपनीकडे गेलो. मी, ही, आणि दुकानदाराची मुलगी. पुढच्या दाराशी फुलझाडं, पाणी वाचवल्याचा चकचकीत फलक. हिनं मला सांगितलं, "मागे घ्या." मागच्या दारातून एक टेम्पो बाहेर पडत होता. त्यात ओल्या कापडाचे ढीग, आणि खालून निळं पाणी टपटपतंय. आम्हाला पाठलाग करायची गरजच पडली नाही. रस्त्यावरच्या निळ्या रेषेमागून गेलो आणि तीन गल्ल्या पलीकडे एका पत्र्याच्या शेडशी पोचलो.

आत सिमेंटचे हौद होते आणि बायका-पुरुष गुडघाभर पाण्यात उभे राहून कापड धूत होते. म्हणजे असं, की रंगवणं कंपनीत, आणि रंगवल्यानंतरची सगळी धुलाई इथे. यंत्रं वगैरे बदलली असतील, नाही म्हणत नाही. पण पाणी निम्म्यावर आलं ते मुख्यतः यामुळे. कंपनीच्या कागदावरून धुलाई गेली, तसं तिचं पाणीही गेलं. मीठ मात्र कागदावर तसंच राहिलं होतं, कारण ते विकत कंपनीच घेत होती. ओल्या कापडाबरोबर पाऊण टन रोज इथे येत होतं.

शेडमागच्या गटारीच्या काठाला पांढरी खपली धरली होती. हिनं पर्समधून पाण्यातलं मीठ मोजायचं तिचं पेनासारखं मीटर काढलं आणि पाण्यात बुडवलं. आकडा पाहिला, मुलीला दाखवला. धुणाऱ्या बायकांपैकी एक वयस्कर बाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिच्या बोटांना भेगा होत्या.

"मोजायला आलात का?" तिनं विचारलं. "नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदा कुणी तरी आलं. ती विहीर बघा. पूर्वी आम्ही तिचं पाणी प्यायचो. आता चहासुद्धा नासतो. पिण्याचं पाणी दोन गल्ल्या पलीकडून आणतो."

हिनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "चूक माझी आहे," म्हणाली. ती बाई गोंधळून बघत राहिली. तिला काय कळणार, कसली चूक आणि कुणाची!

परत येताना मी गाडी चालवत होतो आणि, लपवत नाही, मीच ते बोललो. "हे बघ, सोमवार जाऊ दे. विषय सक्तीचा होऊ दे. मंगळवारी दुरुस्त कर केस. कोण अडवतंय?"

ती खिडकीकडून माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "ब्रेक निकामी आहेत हे कळल्यावर तुम्ही बस सोडली असती का? एकच फेरी होऊ दे, मग बघू, असं म्हणून?"

बत्तीस वर्षं डेपोत काढली मी. माझ्या हाताखालून तशी एकही बस गेली नाही, आणि हे तिला चांगलं ठाऊक आहे. मागच्या सीटवर ती मुलगी होती, तिच्यासमोर माझी अशी हजेरी घेतली गेली. पण खरं सांगतो, मला राग आला नाही. लाज वाटली.

शनिवारी सकाळी ही जुन्या हजेरीच्या वह्या घेऊन बसली. नऊ वर्षांत ती केस शिकलेले विद्यार्थी तीनशे बारा. तिनं एक पत्र लिहिलं. छोटंच. 'मी तुम्हाला कापड कंपनीची जी केस शिकवली ती चुकीची होती. पाणी वाचलं नव्हतं, दुसरीकडे गेलं होतं. पान चार आणि शेवटचं पान शेजारी ठेवा आणि मीठ मोजा. हे मला दिसायला हवं होतं. तुम्ही जिथे काम करता तिथेही एकदा मोजून पाहा आणि मला कळवा.' खाली सही, आणि उत्तरासाठी कॉलेजचा पत्ता.

"ईमेल कर की," मी म्हटलं. "एका मिनिटात काम."

"ईमेल बघतात आणि पुढे सरकवतात. मी त्यांना पाकिटं फोडायला शिकवलंय. पाकीट आलं तर फोडतील."

मग काय! तीनशे बारा पाकिटं, दोन दिवस, एक फिटर आणि एक मोठी बाटली डिंक. दुकानदाराची मुलगी पत्ते लिहायला आली होती. माझी बोटं एकमेकांना चिकटली, पाठीचा कणा बोलायला लागला, आणि मी सारखा कुरकुरत होतो. पण कुणी मला त्या टेबलावरून ऊठ म्हणालं असतं ना, तर मी त्याला बघूनच घेतलं असतं.

सोमवारी सकाळी कॉलेजात जायच्या आधी तिनं गाडी पोस्टाशी थांबवायला लावली. मी म्हटलं, बैठकीनंतर टाकू. म्हणाली, "नको. संचालक गोड बोलतात. माझा मलाच भरवसा नाही." गठ्ठेच्या गठ्ठे आत गेले. परतीची वाट तिनं स्वतःच्या हातानं बंद केली.

बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल, त्याभोवती समितीचे सात जण, टोकाशी संचालक, आणि पाहुणे म्हणून कंपनीचा मॅनेजर. बरणी आणि कागदांची पेटी उचलायला म्हणून मी गेलो होतो, तो भिंतीशी एक खुर्ची ओढून बसलो. मला कुणी ऊठ म्हणालं नाही.

हिनं केस नेहमीसारखी घेतली. ते सात मोठे लोक पोरांसारखे भांडले हो! एका बँकेतल्या मोठ्या बाई होत्या, त्या तर टेबल थोपटून बोलत होत्या. मग पाकीट फुटलं. पाणी निम्म्यावर. टाळ्या. मॅनेजरनं मान झुकवून त्या स्वीकारल्या.

"अजून एक पाकीट आहे," ही म्हणाली, आणि ते तिनं बँकेतल्या बाईंच्या हातात दिलं. मी डिंक थापला होता, त्यामुळे बाईंना ते फोडायला जरा झटापट करावी लागली. आत एकच ओळ होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "पान चार आणि शेवटचं पान शेजारी ठेवा. मीठ कुठं गेलं?"

पानांची फडफड झाली. कुणी तरी खिशातून पेन काढलं. मी मॅनेजरकडे बघत होतो. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या, मग गाल.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?" तो एकदम उठून म्हणाला. "आमच्या कामगारांपैकी कोण फुटलं?"

"तुमच्याच आकड्यांनी सांगितलं," ही शांतपणे म्हणाली. "नऊ वर्षं सांगत होते. मीच ऐकलं नाही. ऐकलं ते एका विद्यार्थिनीनं."

संचालकांचा चेहरा उतरला होता. "म्हणजे मॅडम, तुम्ही नऊ वर्षं चुकीचं शिकवत होतात?"

"हो. तीनशे बारा जणांना. सगळ्यांना आज सकाळी पत्रं टाकली आहेत."

माझ्या बायकोचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी कित्येक सत्कार पाहिलेत, हार पाहिलेत, भाषणं ऐकलीत. पण भरल्या खोलीत ताठ उभं राहून 'हो, चुकले' म्हणणारं माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं, आणि ते माझ्या घरचं होतं. मी उगाच पेटीची कडी उघडझाप करत बसलो.

संध्याकाळी संचालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. समितीला तास आवडला होता, विषय सक्तीचा करायला तयार होते. फक्त एक अट. कापडाची केस काढून टाकायची, पुन्हा नाव घ्यायचं नाही. उगाच कंपन्यांशी वाकडं कशाला?

ही म्हणाली, "ही केस काढली तर शिकवण्यासारखं माझ्याकडे काय उरलं, साहेब? ती राहणार नसेल तर विषय बंद करा." आणि उठून आली. संचालकांनी आठ दिवस मागून घेतले, एवढंच.

ते आठ दिवस आमच्या घरात मोठे वाईट गेले. गाळाची बरणी पुसून माळ्यावर ठेवायला तिनं मला सांगितलं. मी ठेवली नाही. बाल्कनीत लपवली.

नवव्या दिवशी संचालकांचा फोन. या म्हणाले, यजमानांनाही आणा, उचलायला लागेल. गेलो. त्यांच्या टेबलावर पत्रांचा ढीग. सत्तर-ऐंशी तरी असतील, सगळी हिच्या नावाची, सगळी बंद. एकच उघडलेलं होतं, कारण त्याच्यावर संचालकांचंही नाव होतं. ते त्यांनी हिच्यापुढे सरकवलं. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली. कागद माझ्याकडे दिला.

सहा वर्षांपूर्वीच्या एका विद्यार्थ्याचं पत्र होतं. तो आता दूरच्या एका कापड कारखान्यात मोठ्या जागेवर होता. त्यानं लिहिलं होतं, 'मॅडम, तुमची केस मला इतकी पटली होती की इथे आल्यावर मीही पाणी निम्म्यावर आणायचं ठरवलं. कसं आणलं ते सांगायची लाज वाटते. धुलाई बाहेर दिली. मला बक्षीसही मिळालं. तुमचं पत्र आल्यावर मी मीठ मोजलं, आणि मग ते जिथे जातं तिथे स्वतः गेलो. तिथेही एक विहीर आहे. येत्या महिन्यापासून धुलाई परत आत आणतोय. तुम्ही लिहिलं नसतंत तर मी हे जन्मभर अभिमानानं सांगत राहिलो असतो. ही केस कृपा करून शिकवणं थांबवू नका.'

ती रडली. मॅनेजरसमोर न हललेली बाई तिथे ओक्साबोक्शी रडली. "बघा," मला म्हणाली, "माझ्या चुकीनं आणखी एक विहीर गेली." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, संचालकांच्या देखत.

संचालकांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "केस राहू द्या, मॅडम. हे पत्र पण त्यात घाला."

नव्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी बरणी घेऊन गेलो. मोठा हॉल, एकशे ऐंशी पोरं, बसायला जागा नाही म्हणून काही पायऱ्यांवर. शेवटच्या बाकावर मी. हिनं मला बजावलं होतं, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. केस झाली, भांडणं झाली, पहिलं पाकीट फुटलं, टाळ्यांचा कडकडाट. मग ही नुसती उभी राहिली, गप्प. मी जीभ दाताखाली धरून बसलो. एक मिनिट गेलं. दोन गेली. मला वाटलं, आता मीच ओरडतो.

तेवढ्यात पायऱ्यांवरून कुणी तरी चाचरत विचारलं, "मॅडम... मीठ कुठं गेलं?"

मी टाळी वाजवली. एकट्यानं, खणखणीत. एकशे ऐंशी माना मागे वळल्या. हिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी हात मांडीखाली दाबून ठेवले. मग तिनं दुसरं पाकीट उचललं, ते पत्र घातलेलं, आणि फोडायला लागली. फुटेना. तिनं नखानं ओढलं, दातानं ओढलं, आणि शेवटी भर वर्गात हसून म्हणाली, "माफ करा हं, आमच्या घरी डिंक जरा जास्त लावतात."